जुन्या टॉर्चमध्ये लिथियम सेल: आधी चार्जिंगचं ठरवा, मग सेल बसवा

प्रश्न असा आहे: घरी वडिलांची दोन मोठ्या सेलची पितळी टॉर्च आहे. शिवाय चार्जिंगची एक प्लास्टिकची टॉर्च आहे, तिची आतली बॅटरी संपली आहे. एका बंद पडलेल्या लॅपटॉपची बॅटरीही पडून आहे. त्यातले लिथियम सेल या दोन्ही टॉर्चमध्ये बसवता येतील का? लाइट रात्रीची असली की दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, शेतात जावं लागतं, म्हणून उजेड भरवशाचा हवा आणि खर्च कमीत कमी.

दोन्ही टॉर्च चालू होतील, आणि नीट काम केलंत तर दुकानातल्या नव्या स्वस्त टॉर्चपेक्षा जास्त टिकतील. पण दोघींचं काम वेगळं आहे आणि धोकाही वेगळा, म्हणून एकेक घेतो. लिथियम सेल आत बसवून उजेड पाडायला अर्धा तास पुरतो. खरं काम त्यापुढचं असतं: तो सेल चार्ज कशानं होणार, भरल्यावर चार्जिंग कोण थांबवणार आणि रिकामा होताना त्याला कोण अडवणार. दुरुस्तीला येणाऱ्या फुगलेल्या, वितळलेल्या टॉर्चमध्ये सेल चुकीचा बसवलेला मला क्वचितच दिसतो. चार्जिंगचा जुना रस्ता तसाच ठेवलेला मात्र हमखास दिसतो.

म्हणून आधी प्लास्टिकची टॉर्च.

या टॉर्चमध्ये चार व्होल्टची छोटी लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते, चौकोनी आणि आकाराच्या मानानं जड. मागं सरकवून बाहेर काढायच्या दोन पिना असतात, त्या थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये जातात. लेड-अ‍ॅसिड बॅटरी रिकामी किंवा अर्धवट चार्ज अशी पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती परत उठत नाही. तुमची बहुतेक अशीच गेली असेल.

आता मोह कुठं होतो ते सांगतो. चार व्होल्टची मेलेली बॅटरी काढली, ३.७ व्होल्टचा लिथियम सेल लावला, लाल तार लालला, काळी काळीला, बटन दाबलं की झकास उजेड. एलईडीला फरक कळतच नाही, कारण पूर्ण भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्ट देतो आणि ताजी भरलेली लेड-अ‍ॅसिडही साधारण तेवढंच देते. इथपर्यंत काहीच बिघडलेलं नसतं. बिघडतं ते रात्री, टॉर्च भिंतीच्या प्लगला लावल्यावर.

टॉर्च उघडून त्या दोन पिनांच्या मागं बघा. चपटा, चॉकलेटी किंवा लाल रंगाचा एक कपॅसिटर दिसेल. त्यावर बहुतेक वेळा १०५ हा आकडा आणि ४०० व्होल्ट असं छापलेलं असतं, म्हणजे १ मायक्रोफॅरड. शेजारी जास्त ओहमचा एक रेझिस्टर, चार डायोड आणि चार्जिंग दाखवणारा बारका एलईडी. एवढाच तो चार्जर. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर साधारण ३१८० ओहमचा अडथळा करतो, त्यामुळे बॅटरीकडे ६५-७० मिलीअँपिअर करंट जातो. तो करंट सतत जात राहतो. बॅटरी भरली का, हे बघणारं त्या सर्किटमध्ये काहीच नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी हा त्रास काही काळ सोसते. तिच्यातलं पाणी हळूहळू उडतं आणि ती लवकर म्हातारी होते, बस. लिथियम सेलला ही सवलत नाही. २००० मिलीअँपिअर-अवर क्षमतेचा सेल अशा चार्जरवर भरायला तीसेक तास लागतात, म्हणून पहिल्या रात्री काही होत नाही, दुसऱ्या रात्रीही होत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. मग कधीतरी टॉर्च सणावारात दोन दिवस प्लगलाच राहते. ४.२ व्होल्टच्या पुढं ढकलला गेलेला सेल तापतो, आत वायू तयार होतो आणि तो फुटून पेट घेऊ शकतो.

या सर्किटची दुसरी खोडही माहीत हवी. यात ट्रान्सफॉर्मर नाही, म्हणजे भिंतीतली वीज आणि टॉर्चची आतली तार यांच्यामध्ये आडपडदा नाही. बॅटरी काढून ठेवून टॉर्च प्लगला लावली, तर बॅटरीच्या त्या दोन मोकळ्या तारांवर चार व्होल्ट नसतात, तीनशेच्या वर व्होल्ट असू शकतात. मीटर लावून ‘चार्जिंग येतंय का बघू’ म्हणणाऱ्याला इथंच झटका बसतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो, तेव्हा पिनांना लगेच बोट लावू नका.

त्यामुळे लेड-अ‍ॅसिडच्या जागी लिथियम घालताना पहिली हत्यारं पक्कड आणि कटर. तो कपॅसिटर, डायोड, रेझिस्टर आणि त्या दोन पिना, सगळं कापून बाहेर काढा. ‘राहू दे, वापरणार नाही’ असं म्हणू नका. तुम्ही वापरणार नाही, पण घरातलं दुसरं कुणीतरी सवयीनं पिना बाहेर सरकवून सॉकेटमध्ये खुपसणार. पिना निघाल्या की तिथं आयतं भोक मिळतं, आणि नव्या चार्जिंग बोर्डाचं तोंड तिथं नीट बसतं.

तो नवा बोर्ड म्हणजे टीपी४०५६. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात चहा-वडापावच्या किमतीत मिळतो आणि मोबाइलच्या पाच व्होल्टच्या चार्जरवर चालतो. सेल ४.२ व्होल्टवर आला की करंट आपोआप कमी करत नेतो आणि दहाव्या हिश्शावर आला की थांबतो. दिवा लालचा निळा किंवा हिरवा होतो. घेताना एकच गोष्ट बघा. या बोर्डाचे दोन प्रकार मिळतात. एकावर सेलसाठी फक्त दोन टोकं असतात. तो घेऊ नका. दुसऱ्यावर सेलची दोन आणि आउटची दोन अशी चार टोकं असतात, आणि मोठ्या चिपशिवाय बारक्या आणखी दोन चिप दिसतात. त्या संरक्षणाच्या. सेल २.४ व्होल्टच्या आसपास उतरला की त्या बाहेरचा पुरवठा तोडतात, आणि शॉर्ट झाला तरी तोडतात. किमतीतला फरक पाच-दहा रुपयांचा असतो.

जोडणी सोपी आहे. सेलची दोन टोकं बी प्लस आणि बी मायनसला, आणि टॉर्चचं बटन व एलईडीकडे जाणाऱ्या तारा आउट प्लस व आउट मायनसला. बरेच जण घाईत एलईडीच्या ताराही सेलच्याच टोकांवर डाग देऊन (सोल्डर करून) मोकळे होतात. टॉर्च तशीही लागते, पण मग संरक्षणाचा पूर्ण भाग बाजूला पडतो आणि बटन चालू राहिलं की सेल तळापर्यंत उतरतो. जोडून झाल्यावर टॉर्च लागलीच नाही, तर बोर्ड खराब समजून फेकू नका. सेल पहिल्यांदा जोडताना संरक्षणाची चिप कधीकधी बंद अवस्थेत अडकते. चार्जर क्षणभर लावून काढला की ती सुटते.

बोर्ड आणला तसा लावू नका, आधी त्याचा करंट कमी करा. तो एक अँपिअरनं चार्ज करतो, कारण त्यावर १२२ छापलेला १.२ किलोओहमचा बारका रेझिस्टर असतो. तुमचे लॅपटॉपचे जुने सेल आता १५०० मिलीअँपिअर-अवरसुद्धा देतील की नाही कोण जाणे. त्यांना एक अँपिअर जास्त आहे. तो रेझिस्टर काढून २ किलोओहमचा लावला की करंट ५८० मिलीअँपिअरवर येतो. दुसरा फायदा उष्णतेचा. ही चिप जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवते. रिकाम्या सेलवर एक अँपिअरनं चार्ज करताना ती दीड-पावणेदोन वॅट जाळते, आणि बंद प्लास्टिकच्या डब्यात बोट ठेवता येणार नाही इतकी तापते. करंट जवळजवळ निम्मा केला की हा त्रासही तेवढाच घटतो. ग्लू गननं बोर्ड चिकटवू नका, गोंद गरम होऊन सुटतो. कडेला एम-सील लावा, चिपवर लावू नका. टाइप-सी तोंडाचे काही स्वस्त बोर्ड दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलवर चार्ज होतच नाहीत. त्यांना एका बाजूला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल लावा.

शेतात वापरायची टॉर्च आहे, म्हणजे ओल्या हातांची आणि चिखलाची. त्या तोंडातून पाणी आत जाणार. सायकलच्या जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा कापून टॉर्चच्या पाठीवर घट्ट चढवा, तोंड झाकेल असा. चार्जिंगच्या वेळी मागं सरकवायचा. रबरी झाकणं विकत मिळतात, पण सहा महिन्यांत हरवतात. ट्यूब हरवत नाही.

आता लॅपटॉपची बॅटरी. तिच्यात बहुतेक सहा सेल असतात, दोन-दोनच्या तीन जोड्या. सेलचं नाव १८६५०, म्हणजे व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५. लॅपटॉपची बॅटरी ‘गेली’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा एखादी जोडीच गेलेली असते, बाकीच्यांत जीव असतो, हे खरं आहे. पण जीव आहे की नाही हे डोळ्यांनी दिसत नाही. मल्टिमीटर नसेल आणि आणायचाही नसेल, तर या सेलच्या वाटेला जाऊ नका. प्लास्टिकच्या टॉर्चला एकच सेल लागतो, तो नवा घ्या.

मीटर असेल तर पुढचं वाचा. बॅटरीचं कवच शिवणीवरून हळूहळू उकला. स्क्रू-ड्रायव्हर आत खुपसू नका, सेलला भोक पडलं तर तो हातातच पेटेल. सेल जोडणाऱ्या निकेलच्या पट्ट्या एका वेळी एकच कापा आणि कापलेल्या टोकावर लगेच टेप लावा. दोन पट्ट्यांना एकदम कात्री लागली तर कात्रीच शॉर्ट करते.

मग प्रत्येक सेलचे व्होल्ट बघा. दोन व्होल्टच्या खाली असलेला सेल सरळ बाद. तो चार्ज होतो, म्हणूनच फसवतो. इतका खाली उतरून पडून राहिलेल्या सेलच्या आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि परत चार्ज करताना ते नको तिथं जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. गंजलेला, टोकाशी ओलसर, गोडसर वास येणारा, दबलेला सेलही बाद. उरलेले एकेक करून ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करा आणि मधूनमधून हात लावून बघा. चार्ज होताना कोमट होणं चालेल, गरम होणारा नको. चार्ज झालेले सेल दोन आठवडे तसेच ठेवून द्या. जो ४.१ च्या वर टिकला तो ठीक. जो खाली घसरत गेला त्याला आतून गळती आहे.

शेवटची परीक्षा लोडवरची. ४ ओहमचा दहा वॅटचा सिमेंट रेझिस्टर घ्या, तो सेलला लावून व्होल्ट बघा. समजा, मोकळा असताना सेल ४.१० दाखवतो आणि लोडवर ३.९८, म्हणजे सुमारे एक अँपिअरला ०.१२ व्होल्टची घट, म्हणजे आतला अडथळा साधारण १२० मिलीओहम. टॉर्चला असा सेल चालतो. घट पाव व्होल्टच्या पुढं गेली तर सोडून द्या. तोच रेझिस्टर लावून ठेवला आणि सेल तीन व्होल्टवर यायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघितलं, तर क्षमताही कळते. करंट सरासरी ०.९ अँपिअर धरा. दीड तास टिकला तर साधारण १३५० मिलीअँपिअर-अवर. रेझिस्टर चांगलाच तापतो, फरशीवर ठेवा.

नवा सेल घेणार असाल तर आकड्यांना भुलू नका. बाजारात ९९०० मिलीअँपिअर-अवर छापलेले १८६५० सर्रास मिळतात. नामांकित कंपन्यांचे सर्वसाधारण विक्रीतले चांगले सेल २५०० ते ३५०० च्या घरात असतात. वजन करून बघा. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली बराच हलका लागतो. सोनाराचा काटा नको, किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो.

सेलला तार कशी जोडायची, हा प्रश्न पुढं येणारच. सेलवर थेट सोल्डर करू नका. त्या उष्णतेनं टोकाची रबरी सील आणि आतला पातळ पडदा खराब होतो, आणि ते बाहेरून दिसत नाही. ई-बाइकच्या किंवा सोलर दिव्यांच्या बॅटऱ्या बनवणारं कुणीतरी आता जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावात आहे. त्यांच्याकडून निकेल पट्टी स्पॉट वेल्ड करून घ्या, आणि तार पट्टीच्या मोकळ्या टोकाला डाग द्या. तेही नको असेल तर १८६५० चं प्लास्टिकचं होल्डर मिळतं, तारा लावलेलं. टॉर्चमध्ये जागा असेल तर मी नवख्या माणसाला होल्डरच सुचवतो. पुढं सेल बदलायचा झाला तरी काही तोडावं लागत नाही.

या सेलच्या रचनेतली एक गोष्ट पितळी टॉर्चसाठी फार महत्त्वाची आहे, म्हणून आधी ती सांगतो. १८६५० सेल हातात घ्या आणि प्लस टोक वर करून बघा. मधली टोपी प्लस आहे, आणि तिच्या भोवतीची कड मायनस. संपूर्ण डबा मायनस असतो, अगदी वरच्या काठापर्यंत. दोघांमध्ये फक्त कागदाची एक चकती आणि बाहेरचं पातळ प्लास्टिकचं वेष्टन. ते वेष्टन काठाशी फाटलं आणि प्लसची स्प्रिंग जरा तिरकी बसली, की स्प्रिंग टोपी आणि काठ दोघांना टेकते. कोरडा सेल शॉर्ट झाला तर टॉर्च नुसती गरम होते. लिथियम सेल क्षणात कित्येक अँपिअर ओततो, स्प्रिंग लाल होते. म्हणून प्रत्येक जुन्या सेलला प्लसवर नवी कागदी चकती चिकटवा आणि नवी स्लीव्ह चढवून गरम हवेनं बसवा. दोन्ही मिळून पाच रुपयांचा खर्च. सपाट टोपीचा सेल टेकत नाही म्हणून मध्ये लोहचुंबकाची चकती ठेवतात, ते अजिबात करू नका. चुंबक घसरतो आणि नेमका काठावर जाऊन बसतो.

वडिलांच्या पितळी टॉर्चसाठी मात्र माझं मत वेगळं आहे. तिच्यात लॅपटॉपचे सेल घालू नका. ती टॉर्च मोठ्या, म्हणजे डी मापाच्या दोन सेलची आहे. एका सेलचा व्यास साधारण ३३-३४ मिलिमीटर आणि लांबी ६१.५, दोन मिळून १२३. त्या नळीत ३२७०० नावाचा लिथियम फॉस्फेट सेल जणू तिच्यासाठीच केल्यासारखा जातो: व्यास ३२, लांबी ७०. सोलर दिव्यांमध्ये हा सेल सर्रास वापरतात, त्यामुळे सहज मिळतो. व्होल्ट ३.२, क्षमता ६००० मिलीअँपिअर-अवर. रसायन जास्त स्थिर आहे, गैरवापर झाला तरी साध्या लिथियम सेलसारखा भडकायची शक्यता खूपच कमी. धातूच्या बंद नळीत ठेवायच्या सेलमध्ये मला हा गुण सगळ्यात आधी हवा असतो, कारण आत वायू सुटला आणि त्याला वाट नसली तर नळीच फुटते.

१२३ मधून ७० गेले, ५३ मिलिमीटर उरले. तिथं डमी सेल लागतो. वायरिंगचा ३२ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप ५० मिलिमीटर कापा, दोन्ही तोंडांना लाकडाच्या किंवा जाड प्लास्टिकच्या चकत्या बसवा आणि मधून एक पितळी बोल्ट आरपार घालून दोन्हीकडे वॉशर-नट कसा. वॉशर-नटांसह लांबी ५३ च्या आसपास येईल, एक-दोन मिलिमीटरचा फरक मागची स्प्रिंग खाऊन टाकते. डमी मागं, स्प्रिंगच्या बाजूला ठेवा. सेल पुढं, प्लस बल्बकडे. सेल नळीत खुळखुळत असेल तर जाड कागदाचे दोन वेढे द्या. (तुम्हाला इथं १८६५० च घालायचा असेल तर २५ मिलिमीटरच्या पाइपात सेल आणि तो पाइप ३२ च्या पाइपात, असा जोड बसतो. उरलेली जागा मग ५८ मिलिमीटर.)

दोन सेलची टॉर्च म्हणून दोन लिथियम सेल एकामागं एक घालायचा विचार मनातून काढून टाका. साध्या दोन सेलचे तीन व्होल्ट होतात, लिथियमच्या दोन १८६५० चे भरल्यावर ८.४. बल्ब किंवा एलईडी तिथल्या तिथं जातो, आणि दोन जुने सेल कधीच सारखे नसतात. कमकुवत सेल आधी रिकामा होतो, आणि दुसरा त्याच्यातून करंट ढकलतच राहतो, त्यामुळे त्याचे प्लस-मायनस उलटे होऊ शकतात.

फॉस्फेटच्या सेलच्या चार्जिंगची मर्यादा ३.६५ व्होल्ट आहे. वर सांगितलेला टीपी४०५६ याला चालत नाही, तो ४.२ पर्यंत नेईल. टीपी५००० नावाचा बोर्ड घ्या, त्यावर ३.६ आणि ४.२ अशी निवड करायची सोय असते. ३.६ ला ठेवा आणि सेल जोडायच्या आधी मीटरनं खात्री करून घ्या. घरात दोन्ही प्रकारचे सेल असतील तर चार्जरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. साधा लिथियम सेल चुकून ३.६ च्या चार्जरवर गेला तर अर्धवट भरतो, एवढंच. फॉस्फेटचा सेल ४.२ च्या चार्जरवर जाऊ द्यायचा नाही. आणि पितळी टॉर्चला भोक पाडून बोर्ड आत घालू नका. सेल बाहेर काढून चार्ज करा. टॉर्चही तशीच राहते, आणि बंद धातूच्या आत चार्जिंग करायची वेळच येत नाही.

एक अडचण राहते. या जोडणीत संरक्षणाचा बोर्ड नाही, म्हणून सेल तळापर्यंत उतरू नये याची काळजी हातानं घ्यायची. उजेड पिवळट किंवा मंद झाला की बंद करा. पांढऱ्या एलईडीला चालायला तीनेक व्होल्ट लागतातच, त्यामुळे तो आधीच मंदावून इशारा देतो.

जुना बल्ब ठेवायचा की एलईडी घालायचा? दोन सेलच्या टॉर्चचा बल्ब २.५ व्होल्टच्या आसपासचा असतो. तो ३.२ वर फार दिवस टिकत नाही, आणि १८६५० वर लावता क्षणीच उडतो. तीन सेलच्या टॉर्चचा ३.८ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा बल्ब दोन्हींवर चालतो. कुणाला तो जुना पिवळा उजेड हवा असेल तर जरूर लावा, मलाही आवडतो. पण दारं धरायला एक वॅटचा एलईडी घाला, तेवढ्याच विजेत कित्येक पट उजेड पडतो. फॉस्फेटच्या सेलवर एलईडीला अर्धा ते एक ओहमचा रेझिस्टर पुरतो, आणि ३०० मिलीअँपिअर धरले तर एका चार्जिंगमध्ये अठरा-वीस तास, म्हणजे दोन-तीन पूर्ण रात्री निघतात. १८६५० वर ३.३ ओहमचा एक वॅटचा रेझिस्टर लावा. किंवा थोडे पैसे घालून ७१३५ चिपचा बारका ड्रायव्हर घ्या. तो ३५० मिलीअँपिअर कायम ठेवतो, त्यामुळे उजेड सुरुवातीपासून बराच वेळ एकसारखा राहतो. बाजारात तयार एलईडी बल्बही मिळतात, जुन्या बल्बच्या जागी बसणारे. त्यावर किती व्होल्टपर्यंत चालतो ते वाचून घ्या, फक्त तीन व्होल्टचा ४.२ वर टिकेलच असं नाही.

एलईडी अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर बसवलेला घ्या, आणि ती चकती थर्मल पेस्ट लावून पितळी डोक्याला किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्टीला टेकवा. जुन्या बल्बला वर-खाली चालत होतं, एलईडीला चालत नाही. प्लस-मायनस बघा. उजेडाचा झोत पूर्वीसारखा लांब जाणार नाही, कारण जुना रिफ्लेक्टर चारी बाजूंना उजेड फेकणाऱ्या तारेसाठी घडवलेला आहे आणि एलईडी फक्त पुढं फेकतो. रात्री बांधावरून चालताना लांबच्या झाडापेक्षा पायापुढचं तीन पावलांचं गवत दिसणं जास्त गरजेचं, साप तिथं असतो. त्यामुळे पसरट उजेडाबद्दल माझी तक्रार नाही.

पितळी टॉर्चचं बटन मात्र साफ करावंच लागेल. सरकत्या बटनाखालची पट्टी काळी पडलेली असते. अर्ध्या ओहमचा अडथळा जुन्या बल्बला जाणवत नव्हता, पण एलईडीकडे व्होल्टची शिल्लकच कमी असते, तो लगेच मंदावतो. बारीक पॉलिश पेपरनं पट्टी, मागच्या झाकणाचे आटे आणि नळीची कड चकचकीत करा. स्प्रिंग गंजलेली असेल तर तिच्या दोन्ही टोकांना मऊ तांब्याच्या तारेचा एक तुकडा सोल्डर करा, करंट स्प्रिंगऐवजी त्यातून जातो. (सोल्डर करताना सेल बाहेर काढून ठेवा.)

टॉर्च कुठं ठेवता, तेही बघा. पाण्याच्या मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याकडे, आतलं तापमान बाहेरच्याही वर जातं. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो, आणि भरलेला सेल उष्णतेत ठेवला की त्याची क्षमता लवकर उतरते. टॉर्च घरात ठेवा, चार्जिंग फरशीवर किंवा कट्ट्यावर करा, गादीवर, गवताजवळ, खताच्या पोत्यांजवळ नको. बाद झालेल्या सेलच्या दोन्ही टोकांवर टेप लावून ते ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. घंटागाडीत टाकलेला सेल दाबला गेला की गाडीतच पेटतो.

जोडणी पूर्ण झाली की पहिलं चार्जिंग दिवसा, तुम्ही घरात जागे असताना करा. प्लास्टिकची टॉर्च त्या वेळी उघडीच ठेवा, बटन बंद. दर पंधरा-वीस मिनिटांनी सेलला आणि बोर्डाला हात लावा. दिवा बदलला की चार्जर काढून मीटरनं सेल मोजा: १८६५० असेल तर ४.१५ ते ४.२५ च्या मध्ये, फॉस्फेटचा असेल तर ३.६५ च्या वर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत मोजा. १८६५० चे व्होल्ट फारसे उतरले नसतील तर टॉर्चचं कवच बंद करायला हरकत नाही. फॉस्फेटचा सेल चार्जर काढल्यावर ३.३-३.४ वर येऊन थांबतो, ते त्याचं नेहमीचंच आहे. मग टॉर्च चालू ठेवून तळहातावर दोन-चारदा आपटा. उजेड लुकलुकला तर पितळी टॉर्चमध्ये डमी अर्धा-एक मिलिमीटर कमी पडतोय, आणखी एक वॉशर घाला. प्लास्टिकच्या टॉर्चमध्ये लुकलुकला तर तारेचा डाग कच्चा आहे, तो परत द्या.